लिथुआनियाची खलाटी

नकाशा समोर आला की मी आधी पाणी कुठे आहे ते बघतो, मग रस्ते, मग गावं. देश कुणाचा ते सगळ्यात शेवटी. उभा जन्म व्हॅनमधून माल विकण्यात गेला, त्याची ही खोड. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मुलीनं मस्कतला दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तिचा नकाशा पसरला तेव्हा मी आमटीचं पातेलं बाजूला सारून पहिल्यांदा विचारलं, "ही नदी उन्हाळ्यात आटते का?"

"नाही बाबा. ती नेमुनस. आटत नाही, हिवाळ्यात गोठते."

"मग त्या दिवसांत गाड्या कशावरून न्यायचे?"

"त्या बर्फावरूनच."

मला तो देश आवडला.

मुलगी विल्निअसला इतिहास शिकते. इथल्या इंडियन शाळेतून निघालेली पोरं कॅनडाला जातात, ऑस्ट्रेलियाला जातात. माझी गेली लिथुआनियाला, आणि शिकायला घेतलं काय, तर हजार वर्षांपूर्वी तिथली कुठली जमात कुठल्या नदीपासून कुठल्या नदीपर्यंत राहत होती. मी फोनवर कितीदा तरी ओरडलो होतो की याला गिऱ्हाईक कोण. ती म्हणायची, "बाबा, सगळ्याला गिऱ्हाईक नसतं." जिच्या बापानं मुठीएवढे कप विकून तिची फी भरली त्या पोरीनं हे म्हणावं!

पण त्या हिवाळ्यात तिच्यावर ओरडायलाही मला त्राण नव्हतं. माझाच मुलूख हातातून गेला होता.

आमचा धंदा कॉफीच्या सामानाचा. ओमानी घरात पाहुणा आला की आधी कहवा आणि खजूर. त्यासाठी दल्ला म्हणजे लांब चोचीचं पितळी भांडं लागतं, फिंजान म्हणजे बिनकानाचे छोटे कप लागतात, थर्मास लागतात, तबकं लागतात. मस्कतमध्ये रुवीला आमचं दुकान. तिथून आतल्या गावांतल्या दुकानांना माल पोचवणं ही माझी लाईन. समाइल, इझकी, निझवा, बहला आणि थेट इब्रीपर्यंत. दुकान थोरल्या भावाचं, लाईन माझी. तो माझ्याआधी इथे आला, अर्बाब, म्हणजे धंद्याला लागणारा ओमानी जामीनदार, त्यानं गाठला, लायसन त्याच्याच नावावर निघालं. लाईन कुणाच्या नावावर नसते. ज्यानं पाडली त्याची, एवढाच आमच्यात रिवाज, आणि सख्ख्या भावांत कागद करायचा म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

ती लाईन मी कशी पाडली ते मलाच ठाऊक. पहिल्या वर्षी निझवाच्या बाजारात मला कुणी बसा म्हटलं नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. तिथे मालाची बात कहव्याआधी निघत नाही, आणि तुम्ही रिकामा फिंजान हलवून दाखवेपर्यंत दुकानदार पुन्हा पुन्हा ओततो. हलवला की झालं, पाहुणा निघाला. आणि हातात फिंजान असलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणायची त्या मुलखात कुणाची जीभ रेटत नाही. मी फिंजान हलवायचंच बंद केलं. ऑर्डर मिळेपर्यंत पीत बसायचो. पित्त व्हायचं, हात कापायचे, पण ऑर्डर घेऊन उठायचो. दुकानदार हसायचे. म्हणायचे, हा हिंदी आपली विहीर आटवणार. निझवातला एक म्हातारा तर मला लांबून बघूनच नोकराला ओरडायचा, "कॉफी वाढव रे, तो आला!"

पुढे काय झालं ते सरळ सांगतो. एक दिवस दादा म्हणाला, "कुरुमच्या एका ऑफिसात आपल्या महाडकडचे एक गृहस्थ आलेत. त्यांना जरा आत फिरवून आण. किल्ला दाखव, बाजार दाखव."

गृहस्थ चाळिशीचे, मऊ बोलणारे. दादाचा पाहुणा म्हणून मी त्यांना शेजारी बसवून पार इब्रीपर्यंत नेलं. कुठला ओढा पाऊस झाला की रस्ता तोडतो, कुठला दुकानदार दुपारच्या नमाजाआधी चिडलेला असतो, बहलाच्या माणसाला लाल फुलांचा फिंजान का चालत नाही, इब्रीवाला पहिल्या दिवशी कधीच का घेत नाही, सगळं सांगितलं. दादाच्या पाहुण्याला आपण आयुष्यभर काय केलं ते दाखवायला नको? प्रत्येक दुकानात माझ्या शेजारी बसवून त्यांच्या हातात फिंजान दिला आणि म्हटलं, "हा आपला माणूस." ते मान डोलवत होते आणि हलवा खात होते. हलवा फार खाल्ला त्यांनी.

महिनाही झाला नसेल, रुवीच्या दुकानात दादानं मला समोर बसवलं.

"आतली लाईन दिली."

"कुणाला दिली?"

"कुरुमवाल्यांना. बदल्यात ते आपल्याला थर्मासची शहरातली एजन्सी देतायत. अर्बाबनं सही केली. खलास."

"दादा, लाईन माझी आहे."

"लायसन कुणाचं आहे?"

"इब्रीचा रस्ता तरी ठाऊक आहे का रे तुला? समाइलच्या पुढे कधी गेलायस?"

"मला कशाला जावं लागतंय? तू होतास ना."

हाताला आला तो थर्मास मी भिंतीवर फेकला. फुटला नाही. गडगडत दादाच्या पायाशी गेला. दादानं तो उचलला, झाकण फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "बघ. म्हणूनच एजन्सी घेतली."

मग त्यानं माझा भाव ठरवला. रुवीच्या दुकानात काउंटरवर बसायचं, नाहीतर हिशेब घेऊन गावी जायचं. अर्बाब सलालाहून परत आला की व्हॅनचे कागद कुरुमवाल्यांच्या नावावर होणार होते. तोवर उत्तर दे, म्हणाला.

मुलगी आली ती या दिवसांत. घरात कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिच्या आईचं तोंड आणि माझा आवाज यांवरून तिला कळायचं ते कळलं असावं. मला बोलतं करावं म्हणून असेल, तिनं नकाशा काढला. तिचं मराठी मस्कतच्या पोरांचं, दर चार शब्दांनी अडतं. पण तिचा विषय आला की ती अडत अडत का होईना, थांबत नाही.

"बाबा, बघा. आज लिथुआनिया एवढाच आहे. पण यांचे भाऊबंद खूप लांबपर्यंत होते. इथपर्यंत, मॉस्कोच्या जवळ."

"कशावरून?"

"नद्यांच्या नावांवरून. लोक गेले, किंवा दुसऱ्यांत मिसळले. नावं राहिली. आज तिथे राहणाऱ्यांना त्या नावाचा मीनिंग माहीत नाही, पण ते रोज ते नाव घेतात."

"नावावर पोट भरत नाही," मी म्हटलं. "जमिनीचं बोल."

मग ती जमिनीचं बोलली. या लोकांचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं तेच म्हणे हद्दीवर. धर्म शिकवायला गेलेल्या कुणाला तरी त्यांच्या सीमेवर मारलं, ते दूर जर्मनीत कुणी लिहून ठेवलं, त्यात लिथुआनिया हा शब्द. मला बरं वाटलं. हद्दीवर आडवा आला, मारला, नोंद झाली. हा व्यवहार मला समजतो.

"मेन दोन भाग होते. हे वरचे, हाय लँडचे. आणि हे समुद्राकडचे, खालचे. त्यांच्या नावाचा अर्थच तो, खालचे. मराठीत काय म्हणतात?"

"खलाटी," मी म्हटलं. आम्ही रत्नागिरीकडचे. समुद्रालगत राहतो ती खलाटी, हे तिला कोण सांगणार, तिनं गाव पाहिलं ते सुट्टीपुरतं. "खलाटीवाले म्हण. पुढे?"

"या खलाटीच्या दोन बाजूंना जर्मन नाइट्स होते. अंगावर पांढरा झगा, त्याच्यावर क्रॉस. धर्माच्या नावानं जमीन घ्यायचे. खलाटी मिळाली की त्यांचे दोन्ही भाग जोडले जाणार होते, म्हणून त्यांना ती हवीच होती. आणि वरच्यांमधला पहिला राजा झाला ना, त्यानं मुकुटाच्या बदल्यात खलाटीतली जमीन त्यांना लिहून दिली."

"त्याची होती का ती?"

"पूर्ण नाही. खलाटीवाले त्याला मानायचेच असं नव्हतं."

"म्हणजे स्वतःच्या ताब्यात नाही तेच दिलं." मी ताट सरकवलं. "खलाटीवाल्यांना विचारलं?"

"नाही, बाबा."

"मग काय केलं त्यांनी?"

"लढले. नाइट्सना मोठं हरवलं एकदा. पण पुढे शंभरएक वर्षांनी दुसऱ्या एका राजपुत्रानं पुन्हा दिली. त्याचं आपल्या चुलतभावाशी भांडण होतं, नाइट्सची मदत हवी होती. एकदा नाही, दोन-तीनदा दिली त्यानं."

"चुलत?" मी बायकोकडे बघून हसलो. "आमच्याकडे सख्खा आहे."

बायको म्हणाली, "जेवा आधी."

"आणि शेवटी?" मी मुलीला विचारलं. "गेली ती गेलीच?"

"नाही. परत मिळाली. खलाटीवाल्यांनी दोनदा उठाव केला, मग मोठी लढाई झाली, नाइट्स हरले. आणि जी हद्द ठरली ना बाबा, ती पाचशे वर्षं टिकली. युरोपमध्ये इतकी टिकलेली हद्द फार नाही. पण सगळ्यांना नाही हं मिळाली. हे खाली लेक्सच्या भागात दुसरे होते—"

मी पुढचं ऐकलंच नाही. पाचशे वर्षं एवढंच कानात राहिलं. दुसऱ्यानं कागदावर दिली, तरी राहणाऱ्यांनी सोडली नाही, आणि परत घेतली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली.

सकाळी दादाला फोन लावला. "काउंटर तुझं तूच सांभाळ," म्हटलं. "लाईन माझी आहे. दुकानदार माझे आहेत. त्यांनी कुरुमवाल्यांचा माल घेतला नाही तर तुझा कागद कशाला लागतो ते बघ."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का?"

"तुझा मुकुट सांभाळ तू," म्हटलं आणि ठेवला. त्याला काहीएक कळलं नसणार. पण मला बोलून बरं वाटलं.

शनिवारी मी मुलीला घेऊन निझवाला निघालो. व्हॅन दादाच्या आवारात होती, म्हणून स्वतःची गाडी काढली. एकेका दुकानात बसायचं, शब्द घ्यायचा, की माल घेईन तर तुझ्याकडूनच. लाईनवर दुसरा कागद लागत नाही. मुलीनं निझवाच्या म्हाताऱ्यासाठी तिकडून अंबरच्या मण्यांची माळ आणली होती. तिकडच्या समुद्रकाठी सापडतो तो पिवळा, डिंक गोठून दगड झालेला अंबर, इथे त्याच्या जपमाळांना केवढा मान. मीच तिला फोनवर मागे सांगितलं होतं, आणताना दोन दुकानं फिरून भाव पाड.

समाइलच्या पुढे दोन्हीकडे उघडे डोंगर लागतात. मी खुशीत होतो. विचारलं, "नाइट्सना त्या जंगलात वाट कशी सापडायची? दलदल आहे म्हणालीस ना."

"त्यांच्याकडे रूट लिहिलेले होते. शंभरच्या आसपास. इथून निघा, इतक्यावर पाणी आहे, इथे घोड्यांना गवत आहे, इथे पूल करावा लागेल, इथे दोन रात्री राहता येईल. अजून आहेत ते."

"त्यांना हे कुणी सांगितलं?"

"लोकल लोकांनीच. वाट दाखवणारे."

"पैसे घेऊन?"

"काही घेऊन. काही पकडलेले असतील. काहींची नावं पण लिहिलेली आहेत, ह्यानं सांगितलं, हा घेऊन जाईल. पण का सांगितलं ते कुठेच नाही लिहिलेलं."

मी एसी वाढवला. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "समोरचा इंडिकेटर न देता वळला."

निझवाला म्हातारा दुकानातच होता. लांबून बघून नेहमीसारखाच ओरडला, "कॉफी वाढव!" मुलीला पाहून उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. माळ हातात घेऊन मणी उजेडात धरले, गालाला लावले, अल्लाचं नाव घेतलं. कहवा आला, खजूर आले. मी पीत राहिलो. मग बात काढली.

म्हाताऱ्यानं माळ मांडीवर ठेवली. अरबीत, मध्ये मध्ये हिंदी घालून म्हणाला, "सदीक, दोस्ता, माल तर आला. परवा उतरवून गेले."

मी वळून पाहिलं. मागच्या फळीवर थर्मासची नवी खोकी रचलेली होती.

"तू घेतलास?"

"का नको घेऊ? भला माणूस आहे. नमाजाच्या आधी येत नाही. माझे गुडघे दुखतात हे त्याला ठाऊक आहे, माल आतपर्यंत लावून देतो."

"ते त्याला मी सांगितलं होतं!"

"हो ना," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तूच आणलंस त्याला. तूच त्याच्या हातात फिंजान दिलास. म्हणालास, हा आपला माणूस. तुझ्या माणसाला मी दारातून परत पाठवू? तुझी इज्जत काय राहिली असती?"

म्हाताऱ्यानं पुन्हा ओतलं. मी प्यायलो. पुन्हा ओतलं. तो मला ऊठ म्हणणार नव्हता, संध्याकाळपर्यंत म्हणाला नसता. मुलगी माझ्या हातातल्या फिंजानाकडे बघत होती.

मी फिंजान हलवला.

नोकरानं तो घेतला. म्हातारा दारापर्यंत पोचवायला आला, मुलीच्या ओंजळीत खजूर भरले. बहलाला आणि इब्रीला गेलोच नाही. तिथेही मीच नेलं होतं.

परत येताना इझकीच्या अलीकडे एका मल्याळी माणसाची चहाची टपरी आहे. लाईन सुरू झाली तेव्हापासून मी तिथे थांबतो. त्याच्याकडे कंडेन्स्ड दुधाचा कडक चहा मिळायचा. मी त्याला आलं ठेचून, गवती चहा घालून कमी साखरेचा करायला शिकवला. गवती चहाचं रोपही मीच बायकोच्या कुंडीतून नेऊन दिलं होतं. त्या चहाला तो रत्नागिरी म्हणायचा. आम्ही गाडीतच बसलो. तेवढ्यात एक व्हॅन येऊन थांबली. नवी, पांढरी, कुरुमवाल्यांचा शिक्का. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि उत्तरेकडच्या हिंदीत ओरडला, "भैया, दो रत्नागिरी देना!"

माझा हात दाराच्या कडीवर गेला. त्याला कॉलर धरून बाहेर ओढावं, विचारावं, की बोल, काय असतं रत्नागिरी. कुठे असतं. पण त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. तहान लागलेला माणूस होता. त्याला कुणी सांगितलं असेल, इथे हे नाव घेतलं की हा चहा मिळतो.

मुलीनंही ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघेना.

"ते दुसरे कोण म्हणालीस त्या दिवशी?" मी विचारलं. "तळ्यांच्या भागातले. ज्यांना परत मिळाली नाही ते."

"यात्विंगी. जाऊ दे ना बाबा."

"सांग."

"संपले ते. काही पळून लिथुआनियात गेले, काहींना नाइट्सनी दुसरीकडे नेऊन बसवलं. त्यांचा भाग खूप वर्षं नुसतं जंगल होता." मग थोडं थांबून म्हणाली, "मी त्यांच्यावरच काम करते. त्यांच्या तळ्यांच्या नावांवर."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू दिलं नाहीत. तुम्हाला परत मिळाली तेवढंच ऐकायचं होतं."

खरं तर खलाटीवाल्यांचाही हिशेब मी नीट मांडला नव्हता. तो चहा पिताना मुलीला विचारून मांडला. त्यांना परत मिळाली, कारण ज्यानं दिली होती त्यालाच ती पुढे हवीशी झाली. त्याचं चुलतभावाशी जमलं, दोघं मिळून नाइट्सवर चालून गेले. दादाला निझवा कधीच हवी होणार नाही. त्याला ती कुठे आहे हेच ठाऊक नाही.

मुलगी जानेवारीत परत गेली. विमानतळावर म्हणाली, "बाबा, तुम्ही तिकडे या. थंडीत. नदी गोठलेली दाखवते." मी बघू म्हटलं.

आता मी रुवीला काउंटरवर बसतो. सकाळी दादा शटर उघडतो, मी आत जातो. गिऱ्हाईक येतं, थर्मास उलटासुलटा करून बघतं, किंमत विचारतं. मी सांगतो. ते कमी करायला सांगतं, लाज वाटेल एवढं कमी, माझी परीक्षा बघितल्यासारखं. मी बरं म्हणतो आणि पिशवीत घालतो. परवा एक ओमानी बाई पैसे हातात धरून तशीच उभी राहिली. इतक्या पटकन होकार आला म्हणून मालातच खोट असावी असं तिला वाटलं. झाकण फिरवून पाहिलं, तळ ठोकून पाहिला, आणि न घेताच निघून गेली.

दादा आतून म्हणाला, "सुधारलास रे. किती शांत झालास."

मी तो थर्मास पुसून परत फळीवर ठेवला.